बिडाचं कारंजं, मुक्काम रायपूर

नागपूरहून सकाळची गाडी धरली तेव्हा पिशवीत दोन सदरे आणि पत्रकांचा गठ्ठा होता : ‘बिडाचं कारंजं वाचवा!’ बीड म्हणजे ओतीव लोखंड. हे कुणाला समजावून सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

रायपूर नुकतंच राजधानी झालेलं. स्टेशनापासून तेलीबांधा तलावापर्यंत खोदकामच खोदकाम. जुनं उखडायचं आणि तिथे फायबरचं काहीतरी ठोकायचं, याला म्हणे सुशोभीकरण!

कारंजं पाहिलं आणि डोकंच फिरलं. तीन थाळ्या, कडेला चार बगळे. इंग्रजी अमलात सुटे भाग रेल्वेने आणून इथे जोडलेलं हे काम, आणि बगळ्यांच्या मानेला कोचिंग क्लासच्या जाहिराती! मला बोलावणाऱ्या मंदाकाकू समोरच राहतात. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हे उडत होतं. ते पुन्हा उडताना पाहायचं, एवढाच त्यांचा हट्ट. त्यांनी फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) पुढे केला.

“खाय आधी. उद्या बीरगावच्या भट्टीत नेऊन राहिले त्याले.”

“काकू, हा अन्याय आहे!”

“हव (हो). चटणी घे.”

दुपारी आम्ही दोघं सुशोभीकरणाच्या कचेरीत गेलो. साहेबांनी पत्रक वाचलं. “बीड... कारंजा... भैया, ये दोनों शहर तो महाराष्ट्र में हैं.”

“अहो, कारंजं म्हणजे—”

काकूंनी माझ्या पायावर पाय दिला. “चूप बस, पोट्ट्या. हव साहेब, उधर का ही है.”

साहेब ताठ झाले. “दूसरे राज्य की संपत्ति? हम कैसे काटें?”

संध्याकाळपर्यंत जाहिराती खरवडून चंदेरी रंग फासला गेला. पाटी लागली : ‘बीड-कारंजा. हाथ न लगाएँ.’

“और पानी?” काकूंनी विचारलं.

“उनका फव्वारा, हमारा पानी? ना माताजी.”

दुसऱ्या दिवशी काकूंनी गच्चीच्या टाकीतून रबरी नळी सोडली. मी कारंज्यावर चढलो, नळी वरच्या तोंडात खुपसली. खालून शिपाई ओरडला, “ए महाराष्ट्र! नीचे उतर!”

“टाकी माही आहे,” काकू म्हणाल्या.

एक बगळा खाकरला, गंज थुंकला. मग चारही उडाले. काकू पदर भिजेपर्यंत हलल्या नाहीत.

परतीच्या गाडीत मी धुमसत होतो. खरं लिहिलं त्याची किंमत शून्य! कारंजं वाचलं, ते पत्रक चुकीचं वाचलं म्हणून.