पॉइंट घासणारी सून

सोलापूर जिल्हा मी पाहिला तो देवदर्शनानं नाही, नवऱ्याच्या हौसेनं तर नाहीच नाही. आमची गाडी बंद पडायची, म्हणून पाहिला.

हे चादरींचे व्यापारी. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतून चादरी, टॉवेल उचलायचे आणि करकंब, मोहोळ, अक्कलकोटच्या दुकानांना पोचवायचे. त्यासाठी सासऱ्यांची एक जुनी विलायती गाडी होती. हिरवी, गोल पाठीची, आणि स्वभावानं थेट माझ्या आत्येसासूबाई. वेशीपर्यंत गोडगोड, आणि रान लागलं की बसकण मारायची.

आता हे नीट समजून घ्या, कारण माझं सगळं सुख यात अडकलं होतं. त्या गाडीच्या इंजिनाला कडेला एक काळी टोपी होती. टोपीखाली दोन बारक्या टिकल्या उघडझाप करायच्या आणि त्या उघडझापीवर इंजिनात ठिणगी पडायची. त्या टिकल्यांना पॉइंट म्हणतात. टिकल्या जळून खरबरीत झाल्या की गाडी खोकायची आणि थांबायची. मग त्या घासायच्या आणि त्यांच्यातली फट पुन्हा बेताची करायची. ह्यांची बोटं वेलची केळ्यांसारखी नव्हेत, चांगल्या मोठ्या केळ्यांसारखी. ती आत जायचीच नाहीत.

पहिल्यांदा माहेराहून येताना अडकलो, तेव्हा एका ट्रकवाल्यानं पॉइंट घासून दिले. हे मालक असल्यासारखे लांब उभं राहून सिगारेट ओढत होते. मी मात्र पदर खोचून, डोकं आत घालून बघत होते. पुढच्या खेपेला मीच घासले. शिक्षण चौथी, पण पर्समध्ये पॉलिश पेपरचा तुकडा आणि फट मोजायला लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कायम असायचा. पत्रिका आली की लोक मुहूर्त बघायचे, मी जाडी बघायची. कंजूष वरबापाच्या पत्रिकेवर गाडी चालत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

मग सासूबाईच म्हणायला लागल्या, "हिला सोबत ने रे बाबा. न्हाईतर चादरी पांघरून रानात झोपशील."

झालं! गल्लीतल्या बाकीच्या सुना बाहेर पडायच्या त्या बाळंतपणाला नाहीतर मयताला. मी पुढच्या सीटवर, कोपर खिडकीबाहेर. मोहोळच्या स्टँडावर मिरचीभजी, करकंबच्या बाजारात अनोळखी माणसं, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं गेला तरी बोलायला कुणी नाही. पॉइंट घासायला पाच मिनिटं लागायची. बाकीचा दिवस माझा.

पुढं देशात आणीबाणी आली. आमच्या घरी ती धाकट्या दिराच्या रूपानं आली. दीर पुण्याला इंजिनिअर. त्याच्या मित्रानं विलायतेहून एक पेटी आणली होती, साबणाच्या वडीएवढी.

"वहिनी, तुमची कटकट मिटवायला आलोय बघा."

"कसली कटकट, भाऊजी?"

"पॉइंटची! काढूनच टाकायचे. आता इलेक्ट्रॉनिक इग्निशन. घासायचं न्हाई, फट बघायची न्हाई."

"मग मी काय करायचं?" तोंडातून गेलंच माझ्या.

"आराम करा की! आणि आत्ता जरा चहा टाका."

आराम म्हणे! पुरुषांनी हा शब्द वापरला की पाठोपाठ चहा सांगतातच.

दिरानं माझे पॉइंट काढले. त्या जागी एक चकती आणि एक इवलासा डोळा बसवला. चकती फिरली की डोळ्यापुढचा उजेड अडतो, तेवढ्यानं पेटीला कळतं आणि ती ठिणगी सोडते. मी कपबशा घेऊन उभी, मनात म्हणत होते, होणार नाही सुरू. ह्यांनी किल्ली फिरवली आणि अशी सुरू झाली मेली, की मला तिचा रागच आला. इतकी वर्षं माझ्यापुढं नखरे, आणि दिरापुढं मुकाट्यानं!

पुढच्या बाजाराला हे एकटेच निघाले. "येतो गं," एवढंच. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच तर वाईट होतं. आजारपणात डॉक्टर लागतो, तशी गाडीत जाताना मी लागायची. गाडी बरी झाली, डॉक्टर घरी. शेजारीण म्हणाली, "सुटलात की काळ्या हातांतून!" मी कडक भाकरी थापत होते. इतक्या जोरात थापली की परातीला आवाज झाला.

एखादी वायर ओढून ठेवावी, हे आलं मनात. पण बंद पडली असती ती दारातच. दारात बंद पडलेल्या गाडीचा मला काय उपयोग?

तीन बाजार असे गेले. मग एका संध्याकाळी हे जेवायला बसले असताना मी म्हटलं, "उद्या मला पण यायचंय."

ह्यांचा घास हातातच. "कशाला? आता बंद पडत न्हाई की गाडी."

"बसायला."

"नुसतं बसायला?"

"नुसतं बसायला."

घरात असं कुणी कधी मागितलं नव्हतं. कारण नाही, काम नाही, नुसतं जायचं! सासूबाईंना राग आला की कानडी यायची. "याक?" म्हणाल्या. कशाला, असं. मी भाकरी वाढत राहिले. मग त्या ह्यांना म्हणाल्या, "तुझे वडील गेले तवापास्नं मी बी त्या गाडीत बसले न्हाई. ते व्हते तवा बी मागंच बसवायचे. उद्या मी बी येते."

सकाळी सासूबाई ठेवणीतलं इरकल नेसून आल्या आणि सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. माझ्या सीटवर! मी मागं, चादरींच्या गठ्ठ्यांत हनुवटीपर्यंत. हे आरशातून माझ्याकडं बघून हसत होते. मी जीभ दाखवली.

मोहोळ आलं. सासूबाईंचं कोपर तोवर खिडकीबाहेर गेलं होतं.

"ही बंद कवा पडती रे?"

"आता पडत न्हाई, आई. तासाभरात करकंब."

"एवढ्या लवकर?" त्यांचा चेहरा पडला. "दुसरा रस्ता न्हाई का?"

मी गठ्ठ्यांतून मान वर काढली. "कुर्डुवाडीवरनं हाय की."

"अगं, लई उलटं पडतं ते!" हे ओरडले.

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकला आणि म्हणाल्या, "वळव."