पिराना अक्काचं बोट

अक्काच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला दोन पेरं नव्हती, आणि त्या नसलेल्या बोटावर आम्ही दोघी पाच वर्षं जेवलो. तिकीट काढून तंबूत आलेल्याला ती आधी मासे दाखवायचीच नाही. काचेच्या टाकीवर गोधडी टाकलेली असायची. अक्का स्टुलावर बसून हात वर करायची आणि म्हणायची, "बगा. नीट बगा. येवढं त्यानं एका घासात नेलं." लेकरं आयांच्या पदरात शिरली की ती झटक्यात गोधडी ओढायची. आत बारा मासे. पोटाकडं लाल, बसकं तोंड आणि अगदी माणसासारखे दात. बाया किंचाळल्या की अक्काचा चेहरा लग्नघरासारखा उजळायचा.

बाहेर कापडी फलक होता, 'ॲमेझॉनचे नरभक्षक पिराना'. नरभक्षक कसले डोंबलाचे! विष्णुपुरीजवळच्या एका शेततळ्यावरून आणलेले रूपचंद होते ते, बाजारात किलोवर मिळतात तसले. शेजारच्या टाकीत 'विजेचा मासा' होता, म्हणजे गोदावरीतली साधी वाम. टेबलाखाली मी बटण दाबलं की टाकीवरचा दिवा लागायचा आणि लोक दोन पावलं मागं सरायचे. पुढं कितीतरी वर्षांनी एका शिकलेल्या माणसानं मला सांगितलं, की रूपचंदाचं मूळही ॲमेझॉनचंच. म्हणजे अक्का जन्मभर खोटं बोलली आणि त्यातलं निम्मं खरं होतं. हे तिला सांगायचं राहून गेलं.

मी उमरीची. नवऱ्यानं टाकल्यावर किनवटला एका वसतिगृहात भाकऱ्या थापत होते. तेही काम सुटलं, तेव्हा नांदेडला अक्काची गाठ पडली. तिनं माझा आवाज ऐकला आणि हातात माईक दिला. "तुझा गळा चांगला हाय. रडन्यात घालवू नको," एवढीच मुलाखत. माईकवर ओरडायचं आणि माशांना छिछडे घालायचे, ही माझी दोन कामं. छिछडे म्हणजे खाटकाकडची उरलीसुरली आतडी, चरबी. ते आणायला अक्का स्वतः जायची, वास घेऊन निवडायची आणि खाटकाशी असं भांडायची, जसं काही त्यानं तिच्या जावयाला पंगतीत शिळं वाढलंय.

बोट खरं कुठं गेलं, ते तिनं मला एकदाच सांगितलं. सासरी कडबा कापायच्या यंत्रात गेलं. सासूनं हळद भरली आणि उरलेला कडबा संपवायला लावला. "मासा भुकेपायी चावतो," अक्का म्हणाली. "मानसाचं पोट भरल्यालं असतंय, तरी चावतंय." म्हणून माशांच्या भुकेबाबत ती फार कडक होती. खेळ रंगावा म्हणून त्यांना एक दिवस उपाशी ठेवायचं, पण एकच. "दुसऱ्या दिशी मासा मासा ऱ्हात न्हाई," म्हणायची. संध्याकाळी ते पोटभर खाऊन संथ झाले, की ती पाण्यात कोपरापर्यंत हात घालून काचा पुसायची आणि एकेकाच्या पाठीवरून बोट फिरवायची. उरलेलं अर्धं बोट.

माणसांशी मात्र तिची जीभ कडबा कापायच्या यंत्रासारखीच चालायची. खेळाच्या शेवटी ती मला पुढं ओढायची आणि लोकांना म्हणायची, "हिला नवऱ्यानं टाकलं. मी पिरानाफुडं टाकली. त्यानं वास घेतला आन् त्यानंबी सोडली!" तंबू हसून लोटपोट. पाच वर्षं रोज. मी म्हणायचे, अक्का, एवढं नका बोलू. ती म्हणायची, "आगं, लोक हसून ऱ्हायलेत ना? मग?" जसं हसणं आलं की पुढचं काही विचारायचंच नसतं.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या उन्हाळ्यात आम्ही उदगीरला तंबू ठोकला. उदगीर नवा जिल्हा होणार, अशी तेव्हा जोरात हवा होती. चौकाचौकात 'नियोजित जिल्हा' लिहिलेल्या कमानी, आणि कमानीखाली रिकाम्या घागरींची रांग. आमच्या मैदानाच्या कडेला एक विहीर होती, त्या भागात पाणी असलेली तेवढीच. अक्कानं तेवढ्यात हुशारी केली आणि माझ्या घोषणेत एक ओळ घातली. "ह्यातला एक जरी पिराना हिरीत पडला, तर गल्ली मोकळी!" मी दिवसभर भोंग्यावरून तेच ओरडायचे. गर्दी लोटली.

आठव्या दिवशी एका बाईचा पोहरा विहिरीत राहिला आणि नुसता दोर वर आला, टोकाला पिंजलेला. दोर जुना होता, आणखी काय! पण दुपारपर्यंत गल्लीभर झालं, की पिरानानं दोर खाल्ला. विहिरीवर कुणी फिरकेना. दुष्काळात पाणी समोर असून घागरी कोरड्या. लोकांनी खेळ बंद पाडला. आमच्यामुळं लोक तहानेले राहिले, हे आज आठवलं तरी मला लाज वाटते.

खेळ बंद पडायच्या आदल्या दिवशीचं सांगायला हवं. त्या दिवशी गर्दीत माझी धाकटी नणंद होती. तिचं सासर उदगीरला. अक्कानं नेहमीप्रमाणं मला पुढं ओढलं आणि नेहमीचा विनोद केला. नणंद पोटाला हात लावून हसली. कडेवरच्या लेकराला तिनं माझ्याकडं बोट करून दाखवलं, "ती बग, मामी." माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला.

खेळ बंद पडल्यावर चार दिवस अक्का नव्या परवानगीच्या कागदासाठी कचेरीच्या दारात बसून असायची. सकाळी छिछडे आणून माझ्या हातात द्यायची आणि जायची. मी ते चारही दिवस कुत्र्यांना घातले. मासे मरावेत, तंबू उठावा आणि हिचं तोंड कायमचं बंद व्हावं, एवढंच मनात होतं. मासे मेले नाहीत. काचेला तोंड लावून माझ्याकडं बघत राहिले.

पाचव्या दिवशी वॉर्डातले पुढारी, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, पन्नास माणसं आणि ब्लिचिंग पावडरची पिशवी घेऊन आले. "जिल्हा होऊन ऱ्हायलाय गाव. असले राक्षस इथं चालनार न्हाईत," म्हणाले. अक्का टाकीपुढं आडवी झाली. मी तिला हात जोडताना पहिल्यांदा पाहिलं. "भाऊ, पिराना न्हाईत हे. रूपचंद हायेत. तळ्यातले. माझं बोट यंत्रात गेलंय, आईची आन." कुणीतरी हसलं. भाऊ म्हणाले, "अक्का, तिकीट घिऊन सांगितलं ते खोटं, आन् आता फुकट सांगताव ते खरं काय?"

"हात घालून दावते," अक्का म्हणाली. "चावले न्हाईत तर सोडताव ना?" भाऊंनी मान हलवली. तिनं डाव्या हाताची बाही वर सारली आणि माझ्याकडं वळली. "खायला घातलंय ना गं?"

एक शब्द बोलायचा होता. न्हाई. एवढाच. नणंद तंबूच्या दारात उभी होती, आजही बघायला आलेली.

"हाव," मी म्हणाले. "सकाळीच घातलंय."

अक्कानं हात पाण्यात घातला, काचा पुसताना घालायची तसा, सैल. पाणी उसळलं. ती ओरडली नाही. हात वर आला तेव्हा करंगळीचं टोक नव्हतं आणि टाकीतलं पाणी गुलाबी होत चाललं होतं. "खरंच पिराना हाय की!" कुणीतरी म्हणालं. ब्लिचिंगची पिशवी टाकीत रिकामी झाली. बारा मासे पांढऱ्या पाण्यात धडका मारत राहिले, मग एकेक करून उलटे झाले. अक्का पदरात हात गुंडाळून शेवटचा मासा उलटा होईपर्यंत तिथंच उभी राहिली.

दवाखान्यात जाताना रिक्षात तिनं विचारलं, "किती दिस?"

"चार."

तिनं हातावरचा पदर दातानं आवळला. "मंग त्यायचं चुकलं न्हाई," म्हणाली. दवाखान्याच्या दारात उतरल्यावर माझ्या हातातली तिच्या कपड्यांची पिशवी काढून घेतली. "तू उमरीला जा."

दोन वर्षांनी नांदेडच्या एका प्रदर्शनात तोच कापडी फलक दिसला. मी तोंडावर पदर घेतला आणि तिकीट काढून गर्दीत उभी राहिले. टाकीवर तीच गोधडी, अक्का स्टुलावर. मी गेल्यावर तिनं दुसरी कुणी ठेवली नव्हती. माईक तिच्याच हातात होता. आवाज तिचा कधीच चांगला नव्हता. उजवा हात वर करून ती म्हणाली, "हे बोट पिरानानं खाल्लं." मग डावा हात वर केला.

"आन् हे मानसानं."

सगळे हसले. मीपण हसले. अंधारात माझ्या पुढचे, मागचे सगळे हसत होते, मी एकटीच गप्प कशी राहणार?