बॉनेट उघडं होतं तेव्हा

इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते. खरं सांगायचं तर टाइमपास म्हणून... दुपारी लॅबमध्ये गर्दी ओसरली की. मी परभणीत एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थुंकी तपासते. काचेखाली दिसेल ते आहे, न दिसेल ते नाही, अशा सरळ डोक्यानं आजवर जगले. सासरी कुणाच्या अंगात आलं की सगळ्या बायका हात जोडून उभ्या राहायच्या आणि मी आत जाऊन चहा टाकायची. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय. पण घरात हे पूर्ण बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

माझं सासर राणीसावरगाव, गंगाखेड तालुका. तिथे माझ्या सासूबाई आणि धाकटे दीर विष्णू राहतात. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. माझे मिस्टर दिगंबर दोन वर्षांपूर्वी गेले. हार्ट अटॅक, परभणीतच, दवाखान्याच्या दारात. रस्त्यावरचा अपघात वगैरे काही नाही... हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून सगळे आधी तेच विचारतात. त्यांची छोटी पांढरी गाडी राहिली, ती मी चालवते.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आत्याबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कानानं त्या आधीपासूनच कमी. डोळे मात्र चांगले, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सुईत दोरा स्वतः ओवायच्या. फिजिओथेरपीसाठी मी त्यांना अधूनमधून परभणीला आणते, आठ-दहा दिवस ठेवून घेते आणि परत सोडते.

संक्रांत होऊन गेली होती. सकाळी चहा-पाणी उरकून आम्ही दोघी परभणीला निघालो. विष्णूभाऊजींनी आत्याबाईंना उचलून मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसवलं, बगलेत उशी दिली. गाव सोडून गंगाखेडच्या दिशेनं थोडं पुढे आलो. तिथे रस्त्याचं काम चालू होतं आणि टँकरनं नुकतंच पाणी मारलेलं होतं. समोरून एक टिप्पर जोरात गेला आणि सगळा चिखल माझ्या काचेवर. मी वायपर लावला तर चिखल काचभर आणखी पसरला, समोरचं काही दिसेना. पाण्याचा फवारा मारायला स्टिअरिंगजवळचा स्विच दाबला... मोटार घुर्रर्र करतेय, पाण्याचा थेंब नाही.

गाडी कडेला घेतली. काच पुसायची म्हटलं तर जवळ पिण्याच्या पाण्याची एकच बाटली होती, ती आत्याबाईंसाठी ठेवलेली. आणि फवारा का अडकला असेल याचा मला अंदाज होता. टाकीत मी बोअरचं पाणी भरत होते. आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे बादलीला पांढरा थर धरणारं. नोझलचं भोक केवढं... क्षार बसला असणार. माझ्या पर्समध्ये सिरिंजच्या सीलबंद सुया असतातच. म्हटलं, करून बघू.

बॉनेट उघडून दांडीवर टेकवलं. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत असेल, बॉनेट उघडलं की त्याच्यापुढे उभ्या माणसाला गाडीच्या आतलं काही दिसत नाही. बॉनेटच्या खालच्या अंगाला नोझलला एक बारीक रबरी नळी येते. ती मी ओढून काढली. आता आत जाऊन दाबायचं आणि पळत पुढे येऊन बघायचं की नळीतून पाणी येतंय का... तोवर ते थांबलेलं. किल्ली चालूच ठेवली होती. दोन-तीन वेळा अशा चकरा मारल्या, दरवेळी रस्त्याच्या बाजूचं दार आपटून लावत. मग वैतागून मोठ्यानं म्हणाले, "कुणीतरी दाबणारं पाहिजे हो इथं!"

"मी दाबू का, ताई?"

आतून, ड्रायव्हरच्या सीटवरून आवाज आला. पुरुषाचा. जड, संथ, घशात खरखर असलेला.

मला भीती वाटली नाही. आपल्याकडे रस्त्यात बॉनेट उघडलेलं दिसलं की कुणी ना कुणी थांबतंच. कुणीतरी शेतातला माणूस असेल असं समजून मी म्हणाले, "हां दादा, दाबा की."

घुर्रर्र. नळीतून पाण्याची धार आली.

"आलं का?"

"आलं, आलं. थांबा आता." मोटारीचा आवाज बंद झाला. म्हणजे मोटार ठीक आणि नळीही ठीक, नोझलच बंद होतं. मी सुई भोकात घातली, हळूहळू फिरवली. पांढरी कणी निघाली. मागून तोंड लावून फुंकलं, खारट भुकटी ओठावर आली. नळी परत बसवली.

"दाबा बरं."

घुर्रर्र. एका भोकातून बारीक धार उडाली, दुसऱ्यातून नुसतीच ठिबकली.

"एकच झालं. थांबा जरा."

"सावकास करा, ताई. घाई काय हाय."

मी दुसऱ्या भोकात सुई घातली. तेव्हा तो माणूस परत बोलला, आणि आधीपेक्षा हळू.

"आईला पानी द्या, ताई. लय येळ झाला मागायल्यात."

"हो हो, देते," मी म्हणाले. सुई काढली, बॉनेट खाली घेतलं.

गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर कुणी नव्हतं. दार बंद होतं.

आधी वाटलं, उतरला असेल. आभार मानायचे म्हणून मी गाडीमागे गेले. मागे रस्ता सरळ आणि मोकळा. एका बाजूला कापसाची पऱ्हाटी उपटून मोकळं केलेलं रान, दुसऱ्या बाजूला गुडघ्याच्याही खाली हरभरा. माणूस तर सोडा, कुत्रं लपलं असतं तरी दिसलं असतं. माझ्या गाडीचं ते दार आपटल्याशिवाय लागत नाही, आणि मला उघडल्याचाही आवाज आला नव्हता, लावल्याचाही नाही. आणि एक गोष्ट तेव्हा डोक्यात शिरली... आत्याबाईंना वाचा नाही. त्या पाणी मागणार कशा?

मी मागचं दार उघडलं. आत्याबाईंचा डावा हात पुढच्या दोन सीटच्या मधून पुढे गेलेला, बोटं ताणलेली. डोळे ड्रायव्हरच्या सीटवर. ओठ कोरडे पडून पांढरे झालेले. मी बाटली लावली तर अर्धीअधिक बाटली त्यांनी एका दमात संपवली. तोंड पुसलं आणि त्या बोलल्या.

"डिगू."

माझ्या मिस्टरांना त्या डिगू म्हणायच्या. लकव्यानंतर त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द.

म्हटलं, आधी इथून निघायचं. सीटवर बसले, तर पाय क्लचला पोचेना. सीट पार मागे गेलेली. आमच्या घरात ती सीट कधी हलवावीच लागली नाही, कारण मिस्टर माझ्याएवढेच उंच होते. मी सीट पुढे ओढली, काचेवर पाणी मारलं. दोन्ही धारा व्यवस्थित उडाल्या. गंगाखेड येईपर्यंत मी आरशात बघितलं नाही.

त्यानंतर आत्याबाई हळूहळू बोलायला लागल्या. एकेक शब्द, मग तुटक वाक्यं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, काही पेशंटमध्ये वाचा अचानक येते. ते मी मान्य करते. पण आत्याबाईंनी बोलता यायला लागल्यावर घरात पहिली गोष्ट हीच सांगितली. "डिगू आलता. फुडं बसला. पाठमोरा व्हता... मान त्याचीच." आपल्या पोराची मान आई ओळखणार नाही का, असं म्हणून विष्णूभाऊजी रडले. मग शेजारच्या बायका आल्या आणि मला म्हणाल्या, नशीबवान हायस बाई, मालक अजून लक्ष ठेवून हायेत.

आता माझी अडचण सांगते.

आत्याबाईंनी तो माणूस बघितला, पण त्यांना ऐकू आलं नाही. मी त्याला ऐकलं, पण बघितलं नाही. आणि मी ऐकला तो आवाज माझ्या नवऱ्याचा नव्हता.

मिस्टरांचा आवाज पातळ, बोलणं घाईचं. फोनवर ऐकलं तर लोकांना वाटायचं, मुलगा बोलतोय. मग मला दुसरीच शंका आली... दोन वर्षांत मी आवाज विसरले तर नाही ना? ही शंका मला त्या सगळ्या प्रकारापेक्षा जास्त लागली. एका रविवारी दुपारी मोबाइलमधले त्यांचे जुने व्हॉइस मेसेज काढले. 'येताना कोथिंबीर आन गं', 'मी निघालोय', असले. गेल्यापासून एकदाही ऐकले नव्हते. सगळे ऐकले. विसरले नव्हते. तो आवाज हा नव्हेच. आणि सगळं सोडा, नवरा बायकोला ताई म्हणेल का?

विष्णूभाऊजींना एकदा एवढं सांगून बघितलं की आवाज वेगळा वाटला. ते म्हणाले, "मेल्यावर आवाज तोच राहतो का, वैनी? तुमाला म्हाईत हाय?" मला काय माहीत असणार. सीटचं आणि 'ताई'चं त्यांना सांगितलं नाही.

गॅरेजवाल्याला गाडी दाखवली. फवाऱ्याचा स्विच शॉर्ट होऊन आपोआप पाणी उडू शकतं, असं तो म्हणाला. पण मी थांबा म्हटलं की थांबत होतं. सीटच्या लॉकला त्यानं चार हिसके दिले. "एकदम टाइट हाय, मॅडम. उभ्या गाडीत सीट मागं जायचं कामच न्हाई." पुढच्या खेपेला त्या रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात चौकशी केली. तिथे कधी कुणी अपघातात गेलंय का, कुणी उंच माणूस त्या बाजूला राहतो का. हॉटेलवाला म्हणाला, इथं कधी काही झालेलं नाही. मला वाटतं, काहीतरी झालेलं निघालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

कारण आता दोनच गोष्टी उरतात. एक, ते दिगंबर होते, आणि त्यांना मी कोण हे आठवत नव्हतं. दुसरी, तो कुणी परका होता आणि त्यानं आत्याबाईंना त्यांच्या पोराची मान दाखवली. यातली कुठली बरी, मला ठरवता येत नाही. त्यानं वाईट काहीच केलं नाही, तहानलेल्या म्हातारीला पाणी द्यायला लावलं. तरी मी गाडीत बसण्याआधी दरवेळी सीट हातानं चाचपते.

मागच्या महिन्यात आत्याबाई परभणीला माझ्याकडे होत्या. आता काठी धरून चार पावलं टाकतात. मी त्यांचे केस विंचरत होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुला काय म्हनला गं त्यो?"

कानाशी वाकून मोठ्यानं सांगावं लागलं. मी म्हटलं, "ते म्हणाले, आईला पाणी दे."

'द्या' म्हणाला होता तो. मी 'दे' केलं. 'ताई' काढून टाकलं.

आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. "त्याला लहानपनापासून माजी काळजी," म्हणाल्या, आणि डोकं परत माझ्याकडे दिलं. मी वेणी घातली.

मी कुठल्या बाबाकडे गेले नाही, काही उतरवून टाकलं नाही. गाडीही विकली नाही. उत्तर मला अजून मिळालेलं नाही आणि आता मिळेल असंही वाटत नाही. फक्त एक झालंय. लॅबच्या काउंटरवर दिवसभर माणसं येतात, 'ताई, रिपोर्ट झाला का', 'ताई, उपाशीपोटी यायचं का'. आधी मी मान खाली घालूनच उत्तर द्यायची. आता प्रत्येक पुरुषाचा चेहरा बघते. तो आवाज अजून आलेला नाही... आलाच, तर त्याला काय विचारायचं, हेही माझं ठरलेलं नाही.