नीतूला सगळं पाठ होतं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नीतूचं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. मशीन, एक स्टूल आणि रंगीत रिळांची फळी, एवढंच त्यात मावतं. गोंदियात नव्यानं आलेल्या बायका तिला पिकोवाली म्हणूनच ओळखतात. पण कामठा, आमगावकडची चाळिशी ओलांडलेली कुणी आली की साडी पुढे करता करता थबकते, तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघते आणि म्हणते, "तू बेबी नीतू ना वं?"

नीतू सुईत दोरा ओवत राहते. पुढचा प्रश्न तिला माहीत असतो. "मग, जेवली का?"

ही थट्टा सत्तावीस वर्षं जुनी आहे. आमच्याकडे, पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत, दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या दिवशी झाडीपट्टीचं नाटक असतंच. तसल्याच एका नाटकात नऊ वर्षांची नीतू सावत्र आईसमोर रिकामी थाळी घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आई, मी आता जेवायला नाही मागणार." लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी, दवनीवाड्याला गेले होते, तेव्हा ते ऐकलं. माझ्या वडिलांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाले.

नीतूचे वडील, शालीकराम, नाटक कंपनीत ऑर्गन वाजवत. पोरीला तेव्हा जोडाक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून तिला सायकलच्या दांडीवर बसवून ते वाटेनं संवाद म्हणत आणि ती मागून म्हणे. कामठ्याहून निघून दुसरं गाव येईपर्यंत एक प्रवेश पाठ. तिचाच नव्हे, सगळ्यांचा. चार सिझन ती गाजली. तेराव्या वर्षी एकदम उंच झाली. लेकराच्या कामाला मोठी आणि हिरॉइनच्या कामाला लहान. शालीकराम म्हणाले, दोन वर्षं थांबू. त्या दोन वर्षांत ते स्वतःच गेले. मग मामांनी स्थळ पाहिलं. राईस मिलमध्ये काम करणारा लखन, सासू शांतीबाई, पुढे डिंपल झाली, आणि जिन्याखालचं मशीन आलं.

नाटकाबद्दल ती कधी बोलायची नाही. म्हणून गेल्या दसऱ्याच्या आधी एका दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि पिशवीतून नाटक उतरवलेली दोनशेपानी वही काढली, तेव्हा मी शेवया परतणं थांबवलं. केवलरामच्या कंपनीत आईचं काम करणारी बाई ऐन सिझनच्या तोंडावर दुसऱ्या कंपनीत गेली होती. नीतूनं स्वतःहून फोन केला होता. केवलराम तिच्या वडिलांच्या वेळचा माणूस, पण बोलायला रोखठोक. तीन प्रयोग कर, म्हणाला. जमलं तर होळीपर्यंत सिझन तुझा. नाही जमलं तर पुन्हा फोन करायचा नाही.

"काकू, तुम्ही बाकीच्यांचं वाचा," ती म्हणाली. "मी माझं म्हणतो."

आमच्याकडच्या कितीतरी बायका बोलताना "म्हणतो" म्हणतात. माझ्या कॉलेजातल्या मराठीला ते खटकायचं, आता मीही म्हणते. तर दिवाळीपर्यंत रोज दुपारी मी मुलगा झाले, सावकार झाले, गावचा पाटीलही झाले आणि नीतू आई. पंधरा दिवसांत तिला वहीची गरज उरली नाही. मी अडखळले तर माझंही तीच सांगायची. मला वाटलं, हिला कोण नाकारणार? पुढे जे झालं त्यात माझाही हात होता, म्हणून हे सांगते.

झाडीपट्टीत कुणी पाठ करत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि लहानपणीच निघून आल्यामुळे नीतूलाही नीट ठाऊक नव्हतं. एका सिझनमध्ये ढीगभर प्रयोग, आज हे नाटक तर उद्या ते. तालमी नावालाच. स्टेजच्या पुढे मधोमध एक खड्डा असतो. त्यात प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो आणि प्रत्येकाचं वाक्य हळू आवाजात आधी म्हणतो. नट ते कानात झेलून मोठ्यानं बोलतो. प्रेक्षकांना हे माहीत असतं आणि त्याचं काही वाटत नाही. केवलरामच्या कंपनीत हे काम तीस वर्षं बकाराम करतो. कंपनीत कुणाचं नाटक पाठ असलंच तर ते लहान लेकराचं, कारण लेकराला खड्ड्यातलं ऐकून बोलणं जमत नाही.

पहिला प्रयोग आमगावच्या बाजूला होता. नीतू स्टेजवर आली तशी मागून कुणीतरी ओरडलं, "जेवली का वं?" आणि मंडप हसला. ती घाबरली आणि घाबरून संवादांत धावत सुटली. बकारामनं तिचं वाक्य उचलायच्या आत ती बोलून मोकळी. तिच्या मुलाचं काम करणारा हिमांशु खड्ड्याकडे कान लावून उभा, तर खड्ड्यातून अजून आईचंच वाक्य येतंय. त्याला वाटलं हे आपलं, म्हणून त्यानं तेच पुन्हा म्हटलं. त्यावर कहर म्हणजे गाणी लांबली म्हणून केवलरामनं ऐन वेळी दोन पानं कापली होती. बकारामनं ती उलटली. नीतूनं मात्र ती दोन्ही पानं म्हटली, अगदी जीव ओतून. हिमांशुला बिचाऱ्याला काय विचारलं जातंय तेच कळेना. तो शेवटी "हो आई, हो आई" करत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर केवलराम सगळ्यांसमोर म्हणाला, "तुले पाठ कराले कोणं सांगतलं होतं? शाळेत नंबर काढाचा होता काय?"

दुसरा प्रयोग कामठ्याला, तिच्या माहेरात. या वेळी ती थांबली, पण थांबणं म्हणजे नुसतं अडून राहणं झालं. डोक्यात एक वाक्य तयार, कानात दुसरं यायचं, आणि दोन्हींच्या मध्ये ती खांबासारखी. माहेरची माणसं भली. कुणी काही बोललं नाही, आणि तेच तिला लागलं.

परत आली ती दुकानात स्टुलावर बसून भिंतीला डोकं टेकून झोपलेली मी पाहिली. समोर सहा साड्या पडलेल्या. उठवावंसं वाटलं नाही. गिऱ्हाईक आली तिला मीच सांगितलं, उद्या या.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले, तेव्हा तिनं सांगितलं की केवलरामनं एक रस्ता काढला आहे. बकारामच्या डोळ्यात मोतीबिंदू, त्याला वाचायला त्रास होतोय. नीतूला नाटकं पाहता पाहता पाठ होतात. मग तिनंच खड्ड्यात बसावं. पूर्ण सिझन पक्का. तिसऱ्या प्रयोगाचीही गरज नाही.

लखन खूश होता. मेकअप नाही, कुणाच्या नजरा नाहीत, कुणी जेवली का म्हणून विचारणार नाही. शांतीबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "दिसणार नाहीस, तेच बरं. आता काय दिसाचं वय राहिलं?"

नीतू उठून मला दारापर्यंत सोडायला आली. तिथं म्हणाली, "लोकं म्हणतील नीतू परत आली, अन् मी खड्ड्यात. दिसलो नाही तर मी आलो कायले?" आवाजात राग नव्हता. दिवसभर मशीनवर बसलेल्या बाईच्या पाठीत जसं दुखतं, तसं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी ती बकारामकडे गेली. नागऱ्याला राहतो तो, देवळाच्या अलीकडे. मला सोबत नेलं, कारण एकटीनं जायला तिला लाज वाटत होती. बकाराम बाजेवर उन्हात बसला होता, डोळ्यांवर हिरवा चष्मा. खड्ड्याची गोष्ट त्याला कळली होती. नीतूनं सरळ सांगितलं, काका, तुमची जागा मला नको, मला ऐकायला शिकवा.

त्यानं दाढी खाजवली. मग म्हणाला, "तू माझं ऐकतच नाही ना बाई. तू अजून शालीकरामचं ऐकून राहिली."

बकारामनं चष्मा काढून पुसला आणि पुढे म्हणाला,

"तोच सूर, तेच हेल. डोळे मिटले का मले वाटते सायकल येऊन राहिली. तो माणूस चांगला होता. पण मी खड्ड्यात हावो, तो नाही."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. अंगणात कोंबडी माती उकरत होती, तिच्याकडे पाहत राहिले.

मग बकारामनं तिला दोन तास बसवलं. जुन्या कुठल्यातरी नाटकाची, तिनं कधी न ऐकलेली वही काढली, डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागला आणि तिला मागून बोलायला लावलं. मध्येच मुद्दाम थांबायचा. ती पुढचं अंदाजानं बोलली की हात वर करायचा. मुलगा काय म्हणणार हे आईला आधीच माहीत असतं काय, एवढंच विचारायचा. पंधरा-वीस वेळा हात वर झाला. शेवटी शेवटी कमी. निघताना म्हणाला, "त्या आईचं तुले सगळं पाठ हाय, ते आता जाणार नाही. राहू दे. फक्त मी बोललो नाही तोवर तुले माहीत नाही, असं उभी राह."

नीतूनं केवलरामकडे खड्डा नाही, तिसरा प्रयोग मागितला. तो दवनीवाड्याला होता. मी आणि माझा नवरा गेलो. माझा भाऊ आधीच सतरंजी टाकून बसला होता. "जेवली का"ची हाक इथंही आली. नीतूनं आवाजाच्या दिशेनं पाहिलं आणि पदर सारखा करून कामाला लागली. पहिल्या अंकात दोनदा ती पुढे पळाली. मला ओठ हलताना दिसले, कारण माझेही हलत होते. पण तिनं स्वतःला आवरलं.

तिसऱ्या अंकात मुलगा सांगतो की तो आता या घरात परत येणार नाही. हिमांशुनं ते म्हटलं. आता आईचं वाक्य. आणि खड्ड्यात बकारामला खोकल्याची उबळ आली.

ते वाक्य मलाही पाठ होतं. तिच्या जिभेवर असणारच. ती बोलली नाही. मुलाकडे बघत उभी राहिली. हात नुसता थोडा वर आला आणि तिथंच राहिला. खोकला थांबेना. हिमांशु गोंधळला आणि त्यानं खरोखरच नजर चुकवली. मागच्या रांगेत शेंगा खाणारी माणसं थांबली. मग खालून वाक्य आलं आणि तिनं ते इतक्या हळू म्हटलं की मागून कुणी म्हणालं, "जोरानं बोल बाई, ऐकू नाही येऊन राहिलं." तिनं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. शेजारची म्हातारी नाक ओढत होती. पुढे एक पान कापलेलं होतं, ते नीतूनं जसं काही लिहिलंच नव्हतं तसं ओलांडलं.

केवलरामनं कौतुक केलं नाही. त्याची ती रीत नाही. सामान गाडीत चढत असताना तिच्या जवळून जाताना तो म्हणाला, "उद्या साडेतीनले गाडी निघते. उशीर केला तर थांबत नाही." खड्ड्याचं त्यानं नाव काढलं नाही. होळीपर्यंतचं पक्कं झालं, ते एवढ्यावरच.

घरी काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. शांतीबाई दोन दिवस माझ्याशीही बोलल्या नाहीत, त्यावरून समजले. लखन मात्र दुसऱ्या दिवशी तिची बॅग उचलून चौकापर्यंत आला होता. तिनं माझ्या हातात दुकानाची किल्ली दिली आणि कुणाकुणाच्या साड्या राहिल्यात ते सांगितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ऊन अजून खाली उतरलं नव्हतं आणि तिला उभ्या उभ्या जांभया येत होत्या.

मी म्हटलं, थकलीस ना गं.

"थकलो काकू," ती म्हणाली. "पण गाडीत बसाले जागा भेटते. केवलरामभाऊनं आज खिडकीची ठेवली म्हणे."

गाडी आली तशी ती चढली. गाडी वळायच्या आतच तिनं काचेला डोकं टेकवलं होतं.