भगोरियाची बस

नोएडाच्या साइटच्या गेटवर बस भरून उभी होती आणि एकही आई खाली उतरायला तयार नव्हती.

सगळी झाबुआकडची भिल्ल कुटुंबं. टॉवर यांनी बांधायचे, राहायचं मात्र पत्र्याच्या खोल्यांत. त्यातल्याच एका खोलीत गोवर निघाला होता. आरोग्य केंद्रानं लसीकरणाची तारीख दिली ती पुढच्या आठवड्याची. पण मध्येच भगोरिया, होळीआधीचा यांचा सगळ्यात मोठा मेळा. त्यासाठी काम टाकून सगळे गावी जातात, हे तारीख देताना कुणी विचारलंच नाही! आता बिनलसीची पोरं त्या गर्दीत जाणार होती.

मी मजुरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा कार्यकर्ता. केंद्रात भांडून नर्सदीदींना आणलं, व्हॅक्सिन कॅरियरसकट. म्हणजे बर्फाचा डबा. लस गार राहिली तरच कामाची. पत्रकही माझंच: ‘टीका हमारा हक़ है’, म्हणजे लस हा आमचा हक्क.

पहिल्याच सीटवरच्या कमलीबाईनं त्याची घडी घातली आणि मांडीवरच्या मुलीला वारा घालू लागली.

“मेले में बुखार आया तो?”

प्रश्न बरोबर होता. या लसीचा ताप आलाच तर साधारण आठवड्यानं येतो. ऐन मेळ्यात.

“पर्चे में लिखा है, दीदी. हल्का बुखार नॉर्मल है.”

“तो पर्चा बैठेगा बच्ची के पास?”

अख्खी बस हसली.

“मैं बैठूँगी. साथ चलती हूँ,” मागून शलाका म्हणाली. माझी सहकारी, नंदुरबारची. “होली तक रुकूँगी. खिलाओगी ना?”

“मक्के की रोटी मिलेगी. नखरे नहीं.”

कमलीबाई उतरली. मागोमाग बाकीच्या. टोचून झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं असतं. तेवढा वेळ ड्रायव्हरच्या शिव्या मी खाल्ल्या. शलाका खिडकीतून हात हलवत गेली.

मयूर विहारच्या आमच्या ऑफिसात मॅडम म्हणाल्या, “शलाकाकडून शीक जरा.”

“नर्स मी आणली, मॅडम! आणि जायला मीही तयार होतो.”

“अच्छा? मग बोलला का नाहीस?”

मेळ्यात मुलीला ताप आलाच. शलाका पॅरासिटामॉल घेऊन उशाशी बसली. ताप उतरला, लसीला कुणी नावं ठेवली नाहीत. परतल्यावर साइटवर पुन्हा गोवर निघाला नाही.

तिनं फोटो पाठवला होता. मागे ढोल, आणि कमलीबाईची मुलगी शलाकाच्या खांद्यावर गाढ झोपलेली. मी तो झूम करकरून पाहिला. जळलो, यार.

पत्रक चांगलंच होतं, आजही म्हणतो. पण पत्रक बसमध्ये चढत नाही. पुढच्या भगोरियाला माझी सीट धरायला ड्रायव्हरला आत्ताच सांगून ठेवलंय. शलाकाला कळता कामा नये.