एकशे सव्वीस फळ्या

तामेकिची अनाझावा हे गावाच्या नजरेत भरले ते मार्चअखेरच्या एका सकाळी, टपाल कचेरीसमोर, सगळ्या उमेदवारांचे फोटो लावायच्या निवडणुकीच्या फळीपाशी. उमेदवाराचा फोटो त्यांनी चौकटीत चिकटवला, चार पावलं मागे सरून पाहिला, आणि सोलून काढून पुन्हा लावला. जेमतेम बोटभर तिरका होता. तिथून जाणारं कुणीतरी म्हणालं, "एवढ्यानं काय बिघडतंय?" तर हे म्हणाले, "तिरक्या माणसाला मत कोण देईल?"

तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. घरात अंथरायच्या जाड तातामी चटया शिवणं हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. त्यात बोटभर चुकलं की खोलीच्या कोपऱ्यात फट पडते, आणि घरची बाई जन्मभर त्या फटीकडे बोट दाखवते.

राजकारणात ते ओढले गेले ते इस्पितळापायी. खोऱ्यातलं एकुलतं एक इस्पितळ बंद करायचं प्रांताच्या सरकारनं ठरवलं, तेव्हा बालमित्र इवाओ होशिना यांच्या केस कापायच्या दुकानात दहा-बारा माणसं जमली आणि ओकुसावा खोरे संघ जन्माला आला. पहिल्याच निवडणुकीत त्यांचा माणूस प्रांतसभेत गेला. इस्पितळ वाचलं. पुढे शेजारची खोरीही संघात आली, पाच जागा झाल्या.

या सगळ्यात तामेकिचींनी एकही भाषण केलं नाही. त्यांचं काम एकच. प्रचार सुरू व्हायच्या सकाळी चिठ्ठीत उमेदवाराचा जो आकडा निघेल, त्या आकड्याच्या चौकटीत संध्याकाळच्या आत खोऱ्यातल्या एकशे सव्वीस फळ्यांवर फोटो लावायचा. इवाओ आपला छोटा ट्रक चालवत, तामेकिची फोटो लावत. चार निवडणुका त्यांनी अशा काढल्या.

मग तोक्योच्या एका मोठ्या पक्षानं संघाला आपल्यात यायचं आमंत्रण दिलं. शाळेच्या व्यायामगृहात सभा झाली. एक्केचाळीस हात 'जाऊ या' म्हणून वर गेले, अडतीस 'नको' म्हणून. इवाओंचा हात पहिल्यांत होता, तामेकिचींचा दुसऱ्यांत. अडतीस जण उठून बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा संघ काढला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. सगळा हिवाळा तामेकिचींनी केस कापले नाहीत, कारण गावात न्हावी एकच होता. संघ फुटल्याचं दुःख त्यांना बेताचंच होतं. साठ वर्षांपासूनचा मित्र असाच निघून जाणार, हे मात्र त्यांना रोज सुई ओवताना टोचायचं.

पुढची निवडणूक आली. मोठ्या पक्षात गेलेला जुना संघ आणि हा वेगळा संघ, दोन्हींचे उमेदवार समोरासमोर. तामेकिचींना आकडा मिळाला दोन. पण मुलगी सानाए हिनं वय झालं म्हणून आदल्याच वर्षी त्यांना पोलीस ठाण्यात नेऊन वाहन परवाना परत करायला लावला होता. ते पिशवी खांद्याला लावून पायीच निघाले. देवळाच्या पायऱ्यांपाशी दहाव्या फळीवर फोटो लावेपर्यंत दुपार झाली. तेवढ्यात ट्रक आला. इवाओ उतरले, चार नंबरच्या चौकटीत आपला फोटो थापला आणि वळले.

"तुझा माणूस प्यायलाय का?" तामेकिची म्हणाले. "डावीकडं कललाय. हनुवटीला फोडही आलाय."

"मी तुझ्याशी बोलत नाहीये."

"मीही नाही बोलत. फोटोला विचारतोय."

इवाओंनी त्यांच्या पिशवीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "किती झाल्या?"

"दहा."

"चालत?"

"मग काय उडत? तुझ्या?"

"एकवीस. कामेदाइरा वाडीची फळी सापडेना. दोनदा वर-खाली करून आलो."

"ती यंदा गोदामाच्या मागं हलवलीये. अर्धी बर्फात असेल. सांगून नाही सापडायची तुला."

इवाओंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आणि हे डोक्यावर काय रे? कावळ्यानं अंडी घातलीत?"

"माझा न्हावी दुसऱ्या पक्षात गेलाय."

हसू लपवायला इवाओंनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. त्यांनी ट्रकचं दुसरं दार उघडलं. "बस. गाडीत राजकारण काढायचं नाही."

"आधी माझा फोटो."

"अर्थातच. दोन नंतर चार. मोजता येतं मला."

आधी इवाओंचा कललेला फोटो सरळ झाला, मगच ट्रक हलला. कामेदाइराला दोघांनी हातांनी बर्फ उकरला. तिथपासून दोन्ही फोटो तामेकिचींनीच लावले. आधी कपाळ टेकवायचं, मग अंगठ्यानं मधून कडेला हवा काढत जायचं. एका वळणावर इवाओ झाडामागे गेलेले असताना चार नंबरचा कोपरा वाऱ्यानं उचलला. तामेकिचींनी तो दाबून धरला, पुरता चिकटेपर्यंत. अंधार पडायच्या आत एकशे सव्वीस पुऱ्या झाल्या.

संध्याकाळी त्यांच्या संघाचा चिटणीस चिडला. "अनाझावा-सान, विरोधकाचे फोटो तुम्ही लावलेत?"

"दोन्ही सरळ आहेत. जाऊन बघा."

मतं दोघांत विभागली गेली आणि तिसराच उमेदवार निवडून आला. दोन वर्षांत दोन्ही संघ विरून गेले. वेगळ्या संघाच्या शेवटच्या सभेला अकरा माणसं होती, त्यांनी घडीच्या खुर्च्या शाळेला देऊन टाकल्या. इस्पितळ चालू आहे. तामेकिची तिथे गुडघा दाखवायला जातात.

आता ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत. आठवड्यातून तीन दिवस चटयांचं दुकान उघडतात, आणि त्या तिन्ही दिवशी दहाच्या चहाला इवाओ येऊन बसतात.