आतोबांच्या तांबड्या गोळ्या

जगातल्या यच्चयावत दुखण्यांचं मूळ जीवनसत्त्वांच्या तुटवड्यात आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या पोलादपुरात एकच होता आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा होता. आतोबा एसटी स्टँडवर कंट्रोलर. दिवसभर भोंग्यावरून महाड, दासगाव अशी गावं पुकारायची आणि मधल्या वेळात ड्रायव्हर-कंडक्टरांना तांबड्या गोळ्या वाटायच्या. गाडी घाटात बंद पडली तरी "ड्रायव्हर अशक्त हाय," हेच त्यांचं निदान. आमच्याकडे आले की प्रत्येकाच्या हातावर गोळी ठेवल्याशिवाय चहाला शिवत नसत.

त्यांचं स्वतःचं दुखणं मात्र गोळीपलीकडचं होतं. आत्या त्यांचं नाव घेत नसे. लग्नात उखाण्यात घेतलं होतं म्हणे, पण "तवा बँड वाजत होता, मला काय ऐकाय आलं नाय," ही त्यांची जन्माची तक्रार. पुढचा सगळा संसार 'अवो'वर झाला. "साऱ्या तालुक्याची नावं मी पुकारतो, माझं कोण पुकारत नाय गो," असं ते छेडत आणि आत्या लाजून चुलीकडे वळे.

मग आत्या विसरायला लागली. आधी आमटीतलं मीठ, मग विहिरीची वाट, मग आम्ही भाचरं. महाडच्या डॉक्टरांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?" ती गप्प. डॉक्टरांनी मान हलवली, आतोबा मात्र खूश. "इसरली नाय, घेत नाय." अंगात काही कमी असेल तर गोळ्यांनी भरून निघेल, पण गेलेली आठवण परत येईलच याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. आतोबांनी त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा घरी आणला. रोज सकाळी पेजेबरोबर तांबडी गोळी सुरू झाली.

एका सकाळी मी तिथेच होतो. गोळी गिळून आत्या त्यांना अदबीनं म्हणाली, "तुमी स्टँडवरचं ना? आमचं मालक दिसलं तर सांगा, पेज निवली. सखाराम नाव त्यांचं."

आतोबांच्या हातातला तांब्या हातातच राहिला. "सांगतो," ते म्हणाले आणि मागीलदारी गेले. मी मागोमाग गेलो तर डोळे पुसत होते. "ऐकलंस ना? आज बँड नव्हता."

गोळ्या त्यांनी बंद केल्या नाहीत. पुढे रोज गोळी देताना ते विचारत, "काय नाव म्हणालात मालकांचं?" आणि ती रोज सरळ सांगे. मला तेव्हा वाटे, नाव ऐकायला विचारतात. आता वाटतं, एखाद्या सकाळी तिनं लाजून गप्प बसावं, एवढ्यासाठीच ते विचारत होते.